खोक्यातली सूचना वाचणार कोण?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला विधेयक लोकसभेत मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, आणि माझ्या मते ती यायलाच हवी होती. पण त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत, चॅनेलवर, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेमबद्दल जे जे बोललं गेलं ते एकतर पैशांबद्दल होतं, नाहीतर व्यसनाबद्दल. त्याआधीही तसंच होतं. मुलं बिघडली, अभ्यास बुडाला, मैदानं ओस पडली. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तेव्हाही चर्चेने हेच वळण घेतलं होतं.

व्यसनाची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मुलाच्या हातात जी वस्तू असते ती आधी एक यंत्र असते. तिच्यात लिथियमची बॅटरी असते आणि ती तापते. तिचा पडदा लखलखतो. तिची बटणं त्याच त्या दोन अंगठ्यांनी तासन्‌तास दाबली जातात. स्वस्तातल्या खेळण्यात घड्याळाचा सेल असतो आणि त्याचं झाकण नखाने उघडतं. यातल्या प्रत्येक गोष्टीतून इजा होऊ शकते. ती कशी होते हे डॉक्टरांना आणि कंपन्यांना वर्षानुवर्षं ठाऊक आहे, आणि टाळायची कशी हेही ठाऊक आहे. आपल्या घरांत आणि शाळांत मात्र ते कोणी सांगत नाही, कारण गेमचा विषय निघाला की आपण थेट संस्कारांवर जातो. घरात गॅस असतो, त्याच्या रबरी नळीवर मुदत छापलेली असते, ती संपली की आपण नळी बदलतो. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही. हातातल्या गेमकडे आपण आधी तसं बघायला हवं. शिस्तीचं बोलणं त्यानंतरचं.

सुरुवात फिटपासून करते, कारण या विषयातला सगळ्यात मोठा धडा तिथे आहे.

१६ डिसेंबर १९९७ ला संध्याकाळी जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग लागला होता. पोकेमॉन मुळात निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गेमबॉयवरचा, म्हणजे हातात धरून खेळायचा गेम. त्यावरून ही मालिका निघाली होती. त्या भागात एका स्फोटाच्या दृश्यात लाल आणि निळा रंग काही सेकंद आलटून पालटून लखलखला, सेकंदाला साधारण बारा वेळा. देशभरातून सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. कोणाला उलट्या झाल्या, कोणाला घेरी आली, कोणाला चक्क फिट आली. बहुतेक मुलं लवकर घरी गेली, पण मालिका चार महिने बंद राहिली आणि १९९८ मध्ये तिथल्या प्रसारण संस्थांनी लखलखाटाचे नियम ठरवले. यातल्या बऱ्याच मुलांना त्याआधी आयुष्यात कधीही फिट आलेली नव्हती. प्रकाशाला असा प्रतिसाद देणारा मेंदू आपल्या मुलाचा आहे, हे त्यांच्या आईवडिलांना त्या संध्याकाळपर्यंत माहीतच नव्हतं.

म्हणूनच आज कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राच्या, माहितीपत्रकात पहिला इशारा फिटचा असतो. निन्टेन्डो लिहिते की साधारण चार हजारांत एका माणसाला प्रकाशाच्या झगमगाटाने किंवा विशिष्ट आकृत्यांनी फिट येऊ शकते किंवा शुद्ध हरपू शकते. लहान मुलांत आणि किशोरवयात हे प्रमाण जास्त असतं. घरात कोणाला फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, झोप आलेली असताना खेळू नका, उजेडाच्या खोलीत खेळा, पडद्यापासून लांब बसा, अशा सूचना त्यापुढे असतात. यातली एकही सूचना वायफळ नाही. अपुरी झोप फिटला निमंत्रण देते. अंधाऱ्या खोलीत तोच लखलखाट डोळ्यांना कितीतरी तीव्र भासतो. हातातला पडदा टीव्हीपेक्षा लहान असतो, नजरेचा कमी भाग व्यापतो, त्यामुळे धोका थोडा कमी. पण पांघरुणात शिरून तोच पडदा वीतभर अंतरावर धरला की तो फायदा गेलाच.

आता ही सूचना आपल्या घरात आणून बघा. ‘घरात कोणाला फिट येते का?’ हा प्रश्न आपल्याकडे खरं उत्तर मिळण्यासारखा आहे का? मुलीला फिट येत असेल तर लग्न जमेपर्यंत शेजारीपाजारीही कळू दिलं जात नाही. हिंदू विवाह कायद्यातच फेफऱ्याचा उल्लेख विवाहाला बाधक अवस्थांमध्ये होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढला. कायद्यातून निघालं, मनातून निघालेलं नाही. आत्याला लहानपणी फिट यायच्या हे भाच्याच्या आईला माहीत नसतं, मग ती डॉक्टरांना काय सांगणार? जो इशारा कुटुंबाच्या इतिहासावर अवलंबून आहे तो अशा समाजात अर्धा निकामी होतो. यावर उपाय कंपनी करू शकत नाही, तो आपणच करायचा आहे.

आणि फिट आल्यावर आपण काय करतो? नाकाला कांदा, नाहीतर चप्पल. दातखीळ बसली म्हणून तोंडात चमचा. हातपाय घट्ट धरून ठेवणं. यातल्या एकानेही फिट थांबत नाही, चमच्याने मात्र दात पडतात आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. करायचं ते सोपं आहे. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, झटके ओसरू लागले की मुलाला एका कुशीवर वळवायचं, गळ्याजवळची बटणं सैल करायची आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी फिट आली, की थेट रुग्णालय. पहिलीच फिट असेल तर ती लवकर थांबली तरी डॉक्टरांना दाखवायचंच. फिट येण्याआधी काही मुलांना डोळ्यांपुढे विचित्र दिसतं, पापण्या फडफडतात, हात आपोआप उडतो. तेव्हा पडद्यावरून नजर काढायची आणि एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा. नुसते डोळे मिटून चालत नाही, कारण लखलखाट पापण्यांतून आत जातो. एवढं जरी शाळेत एकदा करून दाखवलं, तरी ते केवळ गेमपुरतं राहणार नाही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या झगमगत्या दिव्यांपुढेही उपयोगी पडेल.

आता बॅटरी. इथे महाराष्ट्राचा उन्हाळा मध्ये येतो.

निन्टेन्डोचा स्विच हा हातात धरायचा कन्सोल वापरण्यासाठी कंपनीने सांगितलेलं हवेचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये उष्णता वाढली तेव्हा कंपनीने लोकांना मुद्दाम याची आठवण करून दिली होती. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो. म्हणजे मुलांना सुट्टी असते, बाहेर ऊन असतं, आणि विदर्भातल्या बहुतेक घरांत दुपारची हवा त्या यंत्राच्या मर्यादेबाहेर गेलेली असते. सुट्टीतला खेळ नेमका त्याच वेळी चालतो.

नागपुरात बहिणीच्या घरी बघितलेलं सांगते. भाचा सातवीतला. दुपारी लाइट गेली होती, कूलर बंद. तो दिवाणावर पालथा पडलेला, समोर गोधडीची घडी आणि त्या घडीत रुतवून ठेवलेला कन्सोल. वरच्या कडेला जी जाळी असते, जिच्यातून आतला पंखा गरम हवा बाहेर टाकतो, ती गोधडीत बुडालेली. खाली पॉवर बँक जोडलेली, वायर कनेक्टरपाशीच काटकोनात मुडपलेली. आजी दर थोड्या वेळाने आतून ओरडत होती, “अरे किती वेळ ते! डोळे जातील!” मी कन्सोलच्या मागच्या बाजूला हात लावला आणि पटकन काढून घेतला. तो म्हणाला, “मावशी, ते तसंच तापतं.” घरातल्या मोठ्या माणसांचं सगळं लक्ष तो किती वेळ खेळतो याकडे होतं. जाळी झाकली आहे, वायर मुडपली आहे, तापलेलं यंत्र चार्ज होतं आहे, हे कोणाच्या गावी नव्हतं. मुलाचाही दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. जाळी मोकळी ठेव, खेळताना चार्जिंग नको, हाताला चटका लागण्याइतकं तापलं की बंद करून सावलीत ठेव, फ्रिजमध्ये मात्र ठेवू नकोस, कारण आत दव धरतं, इतकं सांगितल्यावर त्याने ते ऐकलं. वाद झाला नाही. ‘बंद कर’ म्हटल्यावर जो वाद होतो तो ‘असं वापर’ म्हटल्यावर होत नाही, हा अनुभव बऱ्याच आईबापांना असेल.

लिथियम-आयन बॅटरीचं भय वाटून घ्यायचं कारण नाही, पण ती समजून घ्यायला हवी. तिच्या आत दोन थरांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. मार बसून, अति तापून किंवा चुकीच्या चार्जिंगने तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होतं. त्यातून उष्णता निर्माण होते, उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, तिच्यातून आणखी उष्णता. एकदा मर्यादा ओलांडली की बॅटरी स्वतःच स्वतःला पेटवत नेते. त्या आधी बऱ्याचदा ती फुगते. पडद्याची कड वर उचललेली दिसते, मागचं झाकण टेबलावर सपाट बसत नाही, यंत्र डुगडुगतं. ही खूण दिसली की चार्जर काढायचा आणि वापर त्या क्षणी थांबवायचा. फुगलेली बॅटरी टोचून ‘हवा काढणारे’ लोक आहेत. ते करू नये. घरच्या कचऱ्यात टाकू नये, भंगारवाल्यालाही देऊ नये. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावी.

यंत्रं मोठी होत चालली आहेत हेही लक्षात घ्यायला हवं. बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॉट-तासांत मोजतात. स्विचची बॅटरी सुमारे १६ वॉट-तासांची होती, फोनच्या बॅटरीएवढी. स्टीम डेक हा दुसरा कन्सोल आला तो ४० वॉट-तासांचा. रॉग ॲली एक्स नावाच्या कन्सोलमध्ये ८० आहेत, म्हणजे चांगल्या लॅपटॉपइतकी ऊर्जा आता मुलाच्या दोन हातांत असते. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तास आहे. जी वस्तू विमानवाले विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकू नका, जवळ ठेवा, म्हणजे पेटली तर दिसेल, असं सांगतात, ती आपण रात्री चार्जिंगला लावून मुलाच्या उशीखाली राहू देतो.

पुन्हा आपल्याकडे यातले बरेच कन्सोल येतात ते ग्रे मार्केटमधून. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही, स्टीम डेकही इथे अधिकृतपणे मिळत नाही. कोणी दुबईहून आणतो, कोणी अमेरिकेतल्या मावसभावाकडून मागवतो, कोणी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन घेतो. वस्तू खरी असते, पण तिच्यामागे इथे कोणी उभा नसतो. वॉरंटी नाही, सर्व्हिस सेंटर नाही. दोन वर्षांनी बॅटरी दमली की गल्लीतल्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात जायचं आणि तो सांगेल ती बॅटरी बसवून घ्यायची. चार्जर हरवला की जो मिळेल तो. भारतात व्हिडिओ गेमच्या यंत्रांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची करणारा आदेश २०१२ मध्ये निघाला, पुढे पॉवर बँक आणि बॅटऱ्यांनाही ती सक्ती लागू झाली. नियम आहेत. पण सामानाच्या बॅगेतून आलेल्या वस्तूला आणि रस्त्यावरच्या टेबलावर मांडलेल्या चार्जरला ते कुठे गाठतात? ग्राहकाने निदान चार्जर, पॉवर बँक आणि बदलीची बॅटरी घेताना मानक ब्युरोची खूण बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कन्सोलवर पंचवीस-तीस हजार खर्च करणारा माणूस चार्जरवर तीनशे रुपये वाचवतो, हे मला अजिबात पटत नाही.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं पैसेवाल्यांच्या मुलांचं दुखणं आहे. तसं नाही. उलट वस्तू जितकी स्वस्त तितकी तिच्यात सुरक्षेची काटकसर जास्त. नव्वदच्या दशकात एसटी स्टँडवर आणि जत्रेत जो ब्रिक गेम मिळायचा त्यात पेन्सिल सेल पडायचे, ते एक बरं होतं. आज जत्रेतल्या स्टॉलवर, लोकलमध्ये, दहा-वीस रुपयांच्या खेळण्यांत, चमकणाऱ्या किचेनमध्ये, कन्सोलच्या आकाराच्या छोट्या खेळण्यांत चपटे बटन सेल असतात. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहते, तिथे दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. पुढे तिला भोक पडू शकतं, मोठी रक्तवाहिनी फुटू शकते. सगळ्यात घातक तो रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, २० मिलिमीटरचा लिथियमचा सेल. घड्याळ चालवायला संपलेला सेलसुद्धा भाजायला पुरेसा असतो. मूल बोलू शकत नाही. लाळ गळते, खात नाही, खोकतं, घरचे म्हणतात सर्दी झाली.

अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये रीस नावाची दीड वर्षाची मुलगी असाच सेल गिळल्यामुळे गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्याच नावाने कायदा झाला: बटन सेल असलेल्या वस्तूचं झाकण मुलाला उघडता येणार नाही असं हवं, आणि पाकिटावर इशारा हवा. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, विजेवर आणि सेलवर चालणाऱ्या खेळण्यांनाही. जत्रेतल्या एखाद्या स्टॉलवर उभं राहून किती खेळण्यांवर तो मार्क दिसतो ते बघा. झाकणाला स्क्रू नसतो, नुसती खाच असते. निन्टेन्डोने २०१७ मध्ये स्विचच्या छोट्या गेम कार्डांवर अतिशय कडू रसायनाचा थर दिला, मुलाने तोंडात घातलं तर थुंकावं म्हणून. पोटात गेलं तरी फारसं नुकसान करणार नाही अशा प्लॅस्टिकच्या तुकड्याची तिथे इतकी काळजी घेतली जाते, आणि आपल्या जत्रेत जीव घेऊ शकणारा सेल पाच वर्षांच्या मुलाच्या हाती उघडा जातो. या फरकाने मला संताप येतो.

गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही. उलटी करवायची नाही, केळं खायला घालायचं नाही. ज्या रुग्णालयात एक्स-रे आणि दुर्बीण आहे तिथे जायचं, आणि दारातच ‘बटन सेल गिळलाय’ असं सांगायचं, म्हणजे रांगेत बसवणार नाहीत. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, सेल गिळून बारा तास झालेले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध चाटवावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने भाजण्याचा वेग कमी होतो. मध घरात नसेल तर तो आणायला थांबायचं नाही.

अंगठा, मान, डोळे, कान यांचं थोडक्यात लिहिते, कारण ही दुखणी हळूहळू येतात आणि वेळेवर थांबलं तर बहुतेकदा जातात. १९९० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका पस्तिशीच्या बाईची हकीकत छापून आली होती: मुलाचा गेम तिने सलग पाच तास खेळला आणि तिच्या अंगठ्याचा स्नायूबंध (टेंडन) दुखावला. म्हणजे हे फक्त मुलांचं नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागलं, अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर कळ आली, की दोन-चार दिवस खेळ पूर्ण बंद ठेवावा आणि बरं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे जावं. तासाला दहा-पंधरा मिनिटं विश्रांती घ्या असं कंपनीच सांगते. कोपर टेकवून, यंत्र छातीच्या उंचीवर धरून खेळलं तर मान वाचते. हेडफोनच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबल आणि आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. डेसिबल घरी मोजता येत नाहीत, पण समोरच्याने साध्या आवाजात मारलेली हाक हेडफोनमधून ऐकू यायला हवी, इतकं तरी पाळता येतं.

डोळ्यांबद्दल मात्र एक गैरसमज काढायला हवा. आजी म्हणते तसे डोळे ‘जात’ नाहीत. लहान वयात जवळचं काम खूप आणि उघड्यावरचा उजेड कमी, यातून चष्म्याचा उणे नंबर वाढतो. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर नेण्याचा कार्यक्रम राबवला, तो याचसाठी. म्हणजे गेमचा अर्धा तास कापून ती वेळ खोलीतच दुसऱ्या वहीपुस्तकात घातली तर डोळ्यांना फार फायदा नाही. मूल उन्हं उतरल्यावर अंगणात गेलं तर आहे. आणि अंगण नसेल, गच्चीला कुलूप असेल, मैदानावर गाड्या लागत असतील, तर तो दोष गेमचा नाही. तो महापालिकेचा आणि सोसायटीच्या समितीचा आहे.

तासांच्या मर्यादेवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना माझा विरोध आहे तो यामुळेच. जपानच्या कागावा प्रांताने एप्रिल २०२० पासून मुलांसाठी शाळेच्या दिवशी ६० आणि सुट्टीला ९० मिनिटांचा दंडक घातला. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना ऑनलाइन गेमसाठी शुक्रवार, शनिवार, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठेवला. आपल्याकडेही अधूनमधून असं काहीतरी करा अशी मागणी होते. पण बटन सेल गिळायला एक क्षण पुरतो. फुगलेल्या बॅटरीला खेळाचे तास मोजता येत नाहीत. ज्या मुलाच्या मेंदूला लखलखाट सोसत नाही त्याला पहिल्या दहा मिनिटांतही फिट येऊ शकते. वेळेचं बंधन घरोघरी असावं, ते आईबापांनी मुलांशी बोलून ठरवावं. सरकारने करायचं काम दुसरं आहे.

ते काम भाषेपासून सुरू होतं. अमेरिकेतून आलेल्या खोक्यात सूचना इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये असतात. जपानमधून आलेल्यात जपानीत. इथे अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या वस्तूंनाही मराठीची सक्ती नाही: वेष्टनावरची सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत असली की २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांचं समाधान होतं. दुकानाच्या पाट्या मराठीत हव्यात यासाठी महाराष्ट्राने कायदा केला, प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी मराठीत झाली हे चांगलंच झालं. त्याच दुकानातल्या खोक्यावर ‘लहान मुलांपासून दूर ठेवा, सेल गिळल्यास प्राणघातक’ हे मराठीत हवं यासाठी तितकाच जोर लावायला काय हरकत आहे? आईला, आजीला, सांभाळणाऱ्या ताईला वाचता येईल अशा भाषेत, ठळक अक्षरात, एका पानावर. चाळीस पानांचं बारीक टायपातलं पत्रक नको. ते वाचलं जावं म्हणून छापलेलंच नसतं.

दुसरं काम आरोग्य खात्याचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जातात. त्यांच्या तपासणीत दृष्टी आहे, श्रवण आहे, झटके येण्याचे विकारही आहेत. त्याच भेटीत मुलाला आणि पालकांना दोन प्रश्न विचारता येतील: पडद्यासमोर असताना कधी पापण्या फडफडल्या, हात उडाला, भान गेलं का? घरात रक्ताच्या नात्यात कोणाला फिट येते का? हे एकांतात, डॉक्टरांनी विचारलं तर खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. खासगी शाळांना हे पथक मिळत नाही. तिथल्या प्रवेशाच्या वैद्यकीय फॉर्मवर हे दोन प्रश्न छापायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरं काम जत्रांचं. यात्रेला स्टॉलची परवानगी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका देते, भाडं घेते, पावती फाडते. पावती फाडतानाच खेळण्यांच्या स्टॉलवाल्याला सांगता येतं की आयएसआय मार्क नसलेलं, बिनस्क्रूच्या झाकणाचं सेलचं खेळणं इथे विकायचं नाही. स्टॉलवाला गरीब असतो, हे मला दिसतं. त्याला दंड करून भागणार नाही, माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंत जावं लागेल, आणि ते मानक ब्युरोचं काम आहे. ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर कोणालाही तक्रार करता येते, खेळण्यावरचा परवाना क्रमांक टाकून तो खरा आहे का हेही तपासता येतं. पुढच्या यात्रेला जाल तेव्हा मुलाने मागितलेलं खेळणं उलटं करून मागचं झाकण बघा, स्क्रू नसेल तर घेऊ नका, आणि विकणाऱ्याला का घेतलं नाही ते सांगा.